खालून कापलेली ओळ

२१ जुलै २०२४, रविवार. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती केव्हाच गेली होती आणि शहर आवृत्तीचे पहिले पान छपाईला सोडण्याच्या बेतात असताना, आपल्याकडच्या सव्वाअकराच्या सुमारास, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी निवडणुकीतून माघार घेतल्याचे पत्र आले. रात्रपाळीला परदेशच्या बातम्या पाहणारा मी एकटाच होतो. अशा वेळी कार्यालयात आरडाओरडा होत असेल असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात, पानावर लागलेली कोणती बातमी काढायची आणि जाहिरात आत सरकवता येईल का, एवढीच चर्चा होते.

पत्रात उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे आभार होते, उमेदवार म्हणून नाव नव्हते. तो पाठिंबा यायला आणखी जवळजवळ अर्धा तास गेला आणि तेवढ्या वेळात आमच्या वृत्तसंपादकांनी त्यांना बादही करून टाकले. "अरे, उपाध्यक्षपदावरून हिलाच बदला म्हणत होते ना सगळे? हिला कोण तिकीट देणार?"

हॅरिस यांची प्रतिमा खालावलेली होती, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण ज्या गणितामुळे त्यांना उपाध्यक्षपदावरून हलवणे जमले नाही, त्याच गणितामुळे आता त्यांना ओलांडून जाणेही अवघड होते. २०२०च्या फेब्रुवारीत, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या लढतीत, आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये मार खाल्लेल्या बायडेन यांना साउथ कॅरोलिनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी तारले. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर सिनेटर एमी क्लोबुशार यांनी, उपाध्यक्षपदाची उमेदवारी गौरेतर स्त्रीला द्यावी असे सांगून स्वतःचे नाव मागे घेतले, आणि ऑगस्टमध्ये हॅरिस यांची निवड झाली. अशा उपाध्यक्षांना डावलून एखादा गोरा गव्हर्नर पुढे करायचा, तर पक्षाच्या सर्वांत भरवशाच्या मतदारांना, म्हणजे कृष्णवर्णीय स्त्रियांना, तोंड कसे दाखवायचे? शिवाय प्रचारनिधीची समिती बायडेन आणि हॅरिस या दोघांच्या नावावर नोंदलेली होती, म्हणजे तो पैसा सहज वापरता येणार होता तो हॅरिस यांनाच. हे सारे मी 'साहेब, साहेब' करत सांगितले. "लेख लिही यावर," असे उत्तर मिळाले. लेखाला जागा मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

शीर्षक 'भारतीय वंशाच्या कमला' असे सुरू झाले. आमच्याकडे ते ठरलेलेच असते. परदेशात कोणी मोठे झाले की आधी त्याचे आजोळ शोधायचे. तमिळनाडूतील तुळसेंद्रपुरम हे त्यांच्या आजोबांचे गाव चौकटीत आले. मजकूर सहा ओळींनी जास्त भरला आणि रिवाजाप्रमाणे खालून कापला गेला. त्या सहा ओळींत वडील डोनाल्ड हॅरिस जमैकाचे असल्याचे आणि कमला हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठात शिकल्याचे लिहिले होते. त्या ओळी शेवटी मीच ठेवल्या होत्या, हेही कबूल केले पाहिजे.

दहा दिवसांनी, ३१ जुलैला, शिकागोत कृष्णवर्णीय पत्रकारांच्या अधिवेशनात ट्रम्प म्हणाले की, हॅरिस स्वतःला कायम भारतीय वंशाच्या म्हणवत आल्या आणि आता अचानक कृष्णवर्णीय झाल्या. सगळे डेस्क हसले. मला हसू आले नाही, कारण त्यातला पहिला अर्धा भाग वर्षानुवर्षे आम्हीच छापत आलो होतो आणि २२ तारखेच्या पानावर तो माझ्या हातून गेला होता.

त्या रात्री मला बारा ओळींची चौकट मिळाली. वाढली असती तर पुन्हा खालूनच कापली गेली असती, म्हणून जमैकाचे वडील पहिल्याच वाक्यात घेतले.