नोटिस पीरियड किती?

"नोटिस पीरियड किती आहे तुमचा?" फोनवरच्या मुलीनं विचारलं आणि मी गॅस बंद करायचं निमित्त काढून फोन ओट्यावर ठेवला. नोटिस कुणाला देणार? सासूबाईंना? सात वर्षं मी घरीच होते.

चूक तिची नव्हती. माझ्या सीव्हीत 'अकाउंट्स असिस्टंट, २००९ पासून' एवढंच होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये नोकरी सोडल्याचं दिसू नये म्हणून मी महिने गाळले, शेवटचं वर्षही गाळलं. खोटं काही लिहिलं नाही, अशी मनाची समजूत घातली होती. वाचणाऱ्याला मी अजून नोकरीतच आहे असं वाटणार, हे काही सुचलं नाही. खरं काय ते सांगितल्यावर "ओके मॅम, कळवते" आलं. कळवलं काहीच नाही.

ही २०२३ ची गोष्ट. तोवर सीव्हीचे दोन अवतार होऊन गेले होते. पहिला बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका झेरॉक्सवाल्याकडचा. त्याच्याकडे फाइल तयारच असते, आपण फक्त नाव बदलायचं. वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद, कोपऱ्यात फोटो. रास आणि उंची तेवढी राहिली होती. आपल्याकडे लग्नाच्या कागदालाही बायोडाटा म्हणतात आणि नोकरीच्याही, त्याचा हा परिणाम. शेवटी 'वरील माहिती खरी आहे' आणि सही. सहीसाठी प्रिंट काढली, सही केली, स्कॅन केली, तीच पाठवत राहिले. म्हणजे नावाला पीडीएफ, आत नुसता फोटो. नोकरीच्या पोर्टलवर टाकली की अनुभवाचे आणि शिक्षणाचे रकाने कोरेच राहायचे. मला वाटायचं, साइट बिघडली आहे.

दुसरा अवतार पुण्याच्या भाच्यानं दिलेला. डावीकडे गडद निळा पट्टा, त्यात फोन आणि ईमेलची चित्रं, उजवीकडे मजकूर, कौशल्यांपुढे तारे. दिसायला देखणा. तोच घेऊन एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काका मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होते. एचआर म्हटलेलं त्यांना अजून आवडत नाही.

लॅपटॉप त्यांनी बाजूला सारला. प्रिंट मागितली आणि झोपाळ्यावर बसून पेन्सिल घेतली.

"'आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा संस्थेच्या प्रगतीसाठी…' हे कुणी लिहिलं?"

"भाच्यानं."

"त्याला कुणी दिलं?"

ते मला ठाऊक नव्हतं. काकांनी आडवी रेघ मारली. मग ताऱ्यांवर आले. "एक्सेलला चार तारे. हॉटेल आहे का हे? पाचवा का नाही दिलास?"

"तेवढं नाही येत, काका."

"मग जे येतं ते लिही की. व्हीलुकअप येतं? पिव्होट?" दोन्ही येत होतं. ताऱ्यांच्या जागी तेच दोन शब्द आले.

पुढे 'टॅली ईआरपी ९, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स' असं होतं. तिथे पेन्सिल बराच वेळ टेकून राहिली. "जीएसटी येऊन सहा वर्षं झाली. तुला येत नाही?"

"येतो की. दिरांच्या हार्डवेअरच्या दुकानाचे रिटर्न मीच भरते."

"कधीपासून?"

"२०१९ पासून."

"कुठे लिहिलंय?"

"घरचंच काम आहे ते."

काकांनी चष्मा काढला. "अगं, नामुं, म्हणजे हिशेब, लिहायला माणूस ठेवतात तो कशासाठी? ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१ आणि २० तारखेला कर भरायचं ३बी वेळेवर जावं म्हणून. ते तू चार वर्षं करतेस, आणि कागदावर मेलेला सर्व्हिस टॅक्स घेऊन फिरतेस!" काकू आतून चहा घेऊन आल्या तेव्हा मी खाली मान घालून बसले होते. त्यांना वाटलं, काका रागावले. मला रडू येत होतं ते वेगळ्याच कारणानं. सात वर्षं लपवत होते, त्यातली चार तर लपवण्यासारखी नव्हतीच.

मग असं लिहिलं: 'एप्रिल २०१९ ते आजपर्यंत, कौटुंबिक हार्डवेअर दुकान, अर्धवेळ. टॅलीप्राइममध्ये नोंदी, दरमहा जीएसटीआर-१ व ३बी, खरेदीची २बीशी जुळवणी.' (२बी म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणारी आपल्या खरेदीची यादी.) त्याच्या खाली 'नोव्हेंबर २०१६ ते मार्च २०१९, कौटुंबिक जबाबदारी.' मला सासूबाईंचा अर्धांगवायू, धाकट्याचा जन्म, सगळं लिहायचं होतं. काका नको म्हणाले, विचारलं तर सांग. ती ओळ मला अजूनही कोरडी वाटते.

रात्री पानाचा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघितला. ही काकांच्या मुलाची युक्ती. दोन रकान्यांची भेळ झाली होती. सगळ्या तारखा एका जागी, कंपन्यांची नावं दुसरीकडे, मधेच माझा फोन नंबर. मशीनला असंच दिसत असेल तर रकाने कोरे राहणार नाहीत तर काय! निळा पट्टा काढला आणि सगळं वरून खाली सरळ लिहिलं, सगळ्यांत अलीकडचं काम आधी.

तेवढ्यात लेक मागे येऊन उभी राहिली. "आई, वर दादाचं नाव का दिसतंय?" पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली होती आणि टॅबवर भाच्याचं नाव झळकत होतं. फाइलला माझं नाव दिलं होतं, पण आतल्या गुणधर्मांत शीर्षक त्याचंच राहिलं होतं. अशी ती वीसेक ठिकाणी गेली होती.

ईमेलचा घोळ तर सांगायचीही लाज वाटते. पत्ता ह्यांचा दिलेला. एका कंपनीचा मुलाखतीचा मेल ह्यांच्या स्पॅममध्ये चार दिवस पडून होता, तारीख उलटून गेली. स्वतःच्या नावाचा पत्ता काढायला पाच मिनिटं लागली.

नवा सीव्ही एका पानाचा झाला. तो पाठवल्यावर अलकापुरीतल्या एका सीए ऑफिसमधून बोलावणं आलं. साहेबांनी कागद पाहिला. "बेन, २०१६ पछी शुं कर्युं?" म्हणजे २०१६ नंतर काय केलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न: "खरेदीचं बिल २बीत दिसत नसेल तर?" म्हटलं, पार्टीला फोन करते, रिटर्न भरायला लावते, आणि बिल दिसेपर्यंत त्यावरच्या कराचं क्रेडिट घेत नाही. दिरांच्या दुकानातला एक पाइपवाला दर तिमाहीला हाच ताप देतो, हेही सांगून टाकलं. साहेब हसले. त्यांच्याकडेही असाच एकजण होता म्हणे.

नोकरी लागली, तरी नाव एकदा नडलंच. सीव्हीत सासरचं नाव, युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर माहेरचं, तेही आडनाव आधी. लग्नाचं सर्टिफिकेट हवं झालं. ते शोधायला कपाट उपसलं तर त्याच फाइलमध्ये माझा लग्नाचा बायोडाटा निघाला, बाबांच्या अक्षरातला. एकच पान. शिक्षण, नोकरी, कधीपासून, काय काम, सगळं एकेका ओळीत, महिन्यांसकट.