जात पडताळणी: मराठवाड्यातला जुना कागद कुठे आणि कसा शोधायचा

जात वैधतेची फाईल समितीपुढे अडकते, ती बहुतेक वेळा जुन्या पुराव्यावर. मग ऐन प्रवेशाच्या दिवसांत पोरं अभ्यास सोडून तहसीलच्या चकरा मारतात आणि जो तो सांगतो, ‘निजामाच्या काळातलं काही मिळतं का बघा.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. आपल्याकडे कागद पुष्कळदा शिल्लक असतो. तो ज्या जिल्ह्याच्या, ज्या गावाच्या आणि ज्या सनाच्या नावाने बांधून ठेवलाय, त्या नावाने आपण मागत नाही, म्हणून ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं.

आधी तारीख बघा. प्रत्येक प्रवर्गाचा मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेआधीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा लागतो ती तारीख, वेगळा आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे ओबीसी कुटुंबाला निजामकालीन कागदाच्या मागे लागायची गरज नसते. आजोबा किंवा चुलत आजोबा १९६० च्या आसपास गावच्या शाळेत गेले असतील, तर तो प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, पुरेसा जुना ठरतो. असा उतारा घरात असताना लोक हैदराबादला जाऊन येतात, हे बघून वाईट वाटतं. खरी अडचण अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांची आहे, कारण १९५० च्या आधी त्यांच्यातली फार थोडी मुलं शाळेच्या पायरीपर्यंत पोचली होती.

तारखेबरोबर जिल्हाही ठरतो. मानीव दिनांकाला तुमचं कुटुंब जिथे राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याचा जातीचा दाखला लागतो आणि पडताळणीही त्याच भागाच्या समितीकडे होते. वडील नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झाले म्हणून पुण्यातून दाखला काढला, आणि मूळ गाव मात्र कळमनुरी तालुक्यातलं, अशा फाईली परत येतात आणि वर्ष जातं.

आता कोणता कागद काय सिद्ध करतो ते नीट समजून घ्या, कारण गल्लत इथेच होते. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर जात सांगतं. जमिनीचा कागद सहसा जात सांगत नाही. तो सांगतो की अमुक माणूस अमुक गावात होता आणि त्याच्या बापाचं नाव अमुक होतं. म्हणजे जमिनीच्या कागदावरून वास्तव्य आणि नातं जुळतं, शाळेच्या कागदावरून जात. दोन्ही एकमेकांना जोडून दिले तर पुरावा उभा राहतो. नुसता खासरा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचं जुनं पत्रक, जोडून ‘आमच्याकडे चोपन्न सालचा कागद आहे’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. शिवाय मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक असलेलं खासरा पत्रक १९५४-५५ चं आहे. भटक्या-विमुक्तांसाठी आणि ओबीसींसाठी ते मानीव दिनांकाच्या आधीचं, पण अनुसूचित जातींसाठी नंतरचं. तिथे ते फक्त जोडपुरावा म्हणून चालतं.

ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे वंशावळ आडवी वाचा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला कुणीही चालतो: चुलत आजोबा, त्यांची मुलं, वडिलांची आत्या. आत्याचा विचार लोक करतच नाहीत. लग्नाआधी ती ज्या शाळेत दोन-चार इयत्ता शिकली असेल, तिथे तिच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि जात दोन्ही लिहिलेलं असतं. भावकीत सगळ्यात आधी सरकारी नोकरीला कोण लागलं, हेही विचारा; पोलीस, शिपाई, मास्तर, कुणीही. त्यांच्या सेवापुस्तिकेत जातीची नोंद सापडू शकते. भावकीतल्या कुणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर निम्मं काम झालं, पण त्यांच्यापासून तुमच्यापर्यंतची साखळी कागदाने दाखवावी लागते. आईकडचे पुरावे यात सहसा धरले जात नाहीत.

बौद्ध कुटुंबांची एक खास अडचण आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर शाळेत नाव घातलेल्या मुलांच्या पुढे नुसतं ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ लिहिलेलं असतं. मूळ जात दाखवायला त्याआधी शाळेत गेलेल्या नातेवाइकाची नोंद शोधावी लागते. ती नसेल तर कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, जन्म-मृत्यूची जुनी नोंद बघा. घराण्याकडे गावकीच्या सेवेची इनाम जमीन असेल तर त्या इनामाचे कागदही कामाला येतात. हैदराबाद राज्यात १९५४ च्या कायद्याने इनामं खालसा झाली, त्या वेळच्या कागदांत इनाम कुणाकडे आणि कोणत्या सेवेसाठी होतं ते मिळू शकतं.

यानंतरचा प्रश्न म्हणजे कागद कोणत्या कार्यालयात मागायचा, आणि इथे मराठवाड्याचा इतिहास थेट उपयोगी पडतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद राज्य मोडलं आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या वेळी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून उस्मानाबादला जोडले गेले. किनवट आदिलाबादमधून नांदेडला आलं. म्हणून उदगीरच्या एखाद्या घराण्याचा १९४५ चा कागद लातूरच्या यादीत सापडत नसेल तर नवल नाही. लातूर जिल्हाच मुळी १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून निघाला. त्या कागदावर जिल्हा बीदर असतो. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्याआधीचं दप्तर औरंगाबादचं, पण परतूरकडचं परभणीचं. हिंगोली १ मे १९९९ ला परभणीतून निघाली. अंबाजोगाई जुन्या कागदांत ‘मोमिनाबाद’ म्हणून येते. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं तर अगदी अलीकडची. नकलेच्या अर्जात गावाचं आजचं नाव, तालुका, जिल्हा लिहा आणि त्याखाली ‘तत्कालीन तालुका, तत्कालीन जिल्हा’ अशी वेगळी ओळ घाला. रेकॉर्ड रूममधला माणूस रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, जुन्या नावाने शोधतो, त्याला ही ओळ लागते.

जमिनीच्या कागदासाठी आणखी एक पायरी आहे. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, खासऱ्यावर सर्व्हे नंबर. जमीन एकत्रीकरणात नंबर बदलले. गट नंबर टाकून १९५४ चा उतारा मागितला तर भलत्याच माणसाची जमीन हाती येते. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरण योजनेचा उतारा काढा, त्यावरून जुना सर्व्हे नंबर घ्या आणि मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. खासऱ्याबरोबर पाहणी पत्रक आणि हक्क नोंद पत्रकही मागा. एकात नाव अर्धवट असेल तर दुसऱ्यात बापाच्या नावासकट मिळतं.

१९४८ आधीचा कागद हाती आला की तो वाचायचा कसा, हा प्रश्न उरतो. निजामाचं सरकारी दप्तर उर्दूत चालायचं आणि अनेक शाळांची रजिस्टरंही उर्दूत आहेत. रकाने मात्र ठरलेले असतात. ‘वल्दियत’ म्हणजे बापाचं नाव, ‘सकूनत’ म्हणजे राहण्याचं गाव, ‘तारीख पैदाइश’ म्हणजे जन्मतारीख, आणि आपल्याला हवा असतो तो ‘कौम’ हा रकाना. जात तिथे लिहिलेली असते. पुढच्या मराठी कागदांतही ‘रामा वल्द किसन’ असं लिहिणं चालू राहिलं. नंतर ‘पि.’ म्हणजे पिता आणि बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा, आलं. वंशावळ भरताना ‘भ्र.’ च्या पुढचं नाव बापाचं समजून लिहिलं की नातंच चुकतं. सेतू केंद्रावर घाईत अर्ज भरताना हे होतं.

उर्दू हस्ताक्षरात नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, गाळलेले असतील तर शब्दाच्या सुरुवातीचे ब, न, त, य एकसारखे दिसतात. नामा, बामा आणि तामा यांत फरक करता येत नाही. म्हणून भाषांतर करणाऱ्याला सुटं नाव वाचायला लावू नका. बापाचं नाव, गाव आणि सर्व्हे नंबर आधी सांगा, म्हणजे तो ताडून वाचेल. भाषांतर उर्दू जाणणाऱ्या अधिकृत माणसाकडून सही-शिक्क्यानिशी घ्या आणि त्याच्यासोबत मूळ पानाची कार्यालयाने दिलेली प्रमाणित नक्कल जोडा. एकट्या भाषांतराला समिती विचारत नाही.

सनाचा हिशेबही शिकून घ्या. हैदराबाद राज्यात फसली सन चालायचा. त्याचं वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं आणि महिने इराणी नावांचे: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. आजूर म्हणजे ढोबळमानाने ऑक्टोबर, पुढचे ओळीने मोजा. पहिल्या तीन महिन्यांची नोंद असेल तर फसली सनात ५९० मिळवा, उरलेल्या नऊ महिन्यांची असेल तर ५९१. ‘बहमन १३५५ फसली’ म्हणजे डिसेंबर १९४५. ‘तीर १३५५ फसली’ म्हणजे मे १९४६. सरसकट ५९० मिळवलं की जन्मसाल एका वर्षाने चुकतं आणि मग शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. दुसरी चूक याहून मोठी: मोहरम, सफर, रजब, रमजान असे महिने दिसले तर तो फसली सन नाही, हिजरी आहे. १९४७-४८ चं हिजरी वर्ष १३६७ आणि फसली १३५७, म्हणजे सुमारे दहा वर्षांचा फरक. तेव्हा आकड्याआधी महिन्याचं नाव बघायची सवय लावा. हातच्या लिखाणात उर्दू दोन आणि तीन सारखेच दिसतात, तेही लक्षात असू द्या.

पुरावे जमले तरी साखळी तुटलेली असू शकते. रजिस्टरात ‘किसन रामा’, सातबाऱ्यावर ‘कृष्णा रामजी’ आणि वडिलांच्या टीसीवर तिसरंच आडनाव, हे आपल्याकडे घरोघरी आहे. जुन्या नोंदींत आडनाव लिहायची पद्धतच नव्हती. लोक यावर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं शपथपत्र करून मोकळे होतात. शपथपत्र करा, पण त्याला आधार द्या. सगळ्यात चांगला आधार वारसाच्या फेरफाराचा, म्हणजे गाव नमुना ६ चा. मयताचं नाव, मृत्यू आणि सगळे वारस एकाच नोंदीत असतात, त्यामुळे दोन पिढ्या एका कागदाने जोडल्या जातात. आजोबा वारल्यानंतरचा फेर काढा, मग पणजोबांचा. जमीन नसलेल्या घराला हा आधार मिळत नाही. त्यांनी जुनी मतदार यादी, आजोबांच्या भावाचे कागद, शाळेतल्या एकापेक्षा जास्त भावंडांचे उतारे असं जोडत जावं.

कार्यालय ‘कागद जीर्ण आहे’ किंवा ‘सापडत नाही’ म्हणालं तर तेवढ्यावर परतू नका, तसं लेखी घ्या. जुनी शाळा बंद पडली असेल तर तिचं रजिस्टर कुठे जमा आहे ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी विचारा. पुरावा देण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर आहे, त्यामुळे तुम्ही शोध घेतल्याचं दाखवणारं हे पत्रही फाईलला लागतं.

रजिस्टरात जात ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. शंका आली की समितीचं दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ पान बघतं. वेगळी शाई, खाडाखोड, ओळींच्या मध्ये घुसडलेला शब्द लगेच उघडा पडतो. खोट्या दाखल्याला सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे आणि त्या दाखल्यावर मिळालेला प्रवेश किंवा नोकरीही जाते.

अर्ज विद्यार्थी असतानाच करा. विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीतच कागद गोळा करायला घ्यावेत आणि बारावीच्या पहिल्या सत्रात अर्ज भरून टाकावा. नोकरीच्या कारणाने अर्ज करायचा तर नेमणूक करणाऱ्या कार्यालयाचं पत्र लागतं, म्हणजे निवड होईपर्यंत थांबणं आलं आणि नंतर मुदतीची टांगती तलवार. अनुसूचित जमाती सोडून इतर प्रवर्गांच्या विद्यार्थ्याचा अर्ज नमुना १६ मध्ये ऑनलाईन भरतात. सोबत नमुना ३ चं वंशावळीचं शपथपत्र, नमुना १७ चं शपथपत्र आणि कॉलेजच्या प्राचार्यांची सही-शिक्का. मोबाईल नंबर सेतूवाल्याचा देऊ नका. त्रुटीचे संदेश त्याच नंबरवर येतात, तो ते बघत नाही आणि फाईल तशीच पडून राहते.

वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, हे दोन वेगळे कागद आहेत. वैधता एकदा मिळाली की कायमची. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मात्र ३१ मार्चला संपते, त्यामुळे प्रवेशाच्या किंवा भरतीच्या वर्षी ते चालू आहे ना, हे बघावं लागतं. अनुसूचित जाती-जमातींना ते लागत नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की त्याच दिवशी नाव, वडिलांचं नाव आणि जातीचा यादीतला अनुक्रमांक दहावीच्या सनदेशी आणि जातीच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज लगेच समितीकडे द्या आणि पोच घ्या. प्रवेशाच्या रांगेत उभं राहिल्यावर ती दुरुस्त होत नाही.