बँकेच्या लिलावातला फ्लॅट: नाशिकमध्ये बोली लावण्याआधी

पेपरच्या आतल्या पानावर बारीक टायपात ‘ई-लिलाव विक्री सूचना’ छापून येते. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव, जेल रोड, कुठला तरी टू बीएचके, आणि राखीव किंमत (ज्याच्याखाली बोली घेत नाहीत तो आकडा) आजूबाजूच्या भावापेक्षा सात-आठ लाखांनी कमी. तो आकडा बघून लोक लगेच हिशेब मांडायला बसतात. पण आधी वाचायचा तो ताब्याचा रकाना. बँकेकडे प्रत्यक्ष ताबा आहे की नुसता सांकेतिक, यावर पुढचं निम्मं गणित ठरतं.

कर्ज थकून खातं एनपीए (बुडीत वर्गातलं) झालं की बँक सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता तारण मिळकत विकू देणारा कायदा) च्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देते. कर्जदाराने आक्षेप घेतला तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुदत संपली की कलम १३(४) खाली ताबा. हा ताबा बहुतेक वेळा कागदावरचाच असतो: दारावर नोटीस चिकटवली, दोन वर्तमानपत्रांत छापली, झालं. आत कर्जदाराचं कुटुंब राहतंच असतं. खरा ताबा हवा असेल तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी ३० दिवस, कारण नोंदवून जास्तीत जास्त ६० दिवस दिले आहेत. मात्र ही मुदत आदेश काढण्याची आहे. आदेश निघाल्यावर महसूल खात्याचा माणूस, पोलीस बंदोबस्त, पंचनामा यांची तारीख जुळायला किती वेळ जाईल, ते कायद्यात लिहिलेलं नाही. परीक्षा, निवडणुका, सण आले की तारीख पुढे सरकते. त्यात नाशिकमध्ये २०२७ चा सिंहस्थ. पोलीस बळ कुठे गुंतलेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून सांकेतिक ताब्यातला फ्लॅट घेऊच नये असं नाही. त्या विलंबाची किंमत बोलीतून वजा करावी, एवढंच. समजा बाजारभाव ५० लाख आहे, राखीव किंमत ३८ लाख आणि तुम्हाला फ्लॅट ४२ लाखांना सुटला. वरवर ८ लाख वाचले. आता मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर २ लाख ५२ हजार, नोंदणी ३० हजार, सोसायटीची थकबाकी १ लाख २० हजार, घरपट्टी-पाणीपट्टी ६० हजार, वीजबिल २५ हजार, दुरुस्ती अडीच लाख, वकील आणि शोध अहवाल २५ हजार. बेरीज ४९ लाख ६२ हजार. तोच फ्लॅट बाजारातून ५० लाखांना घेतला असता तर मुद्रांक-नोंदणीसह ५३ लाख ३० हजार पडले असते. म्हणजे खरी बचत ३ लाख ६८ हजार. ४२ पैकी साडेएकतीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढलं तर हप्ता सत्तावीस हजारांच्या पुढे जातो, आणि ताबा मिळेपर्यंत तुम्ही भाड्याने राहणार. भाडं १४ हजार धरा. महिन्याला ४१ हजार. नऊ महिने ताबा लांबला की बचत संपली. थकबाकीचे आकडे आपल्या फ्लॅटचे घाला, पण हे कोष्टक बोलीच्या आधी कागदावर मांडाच.

विक्रीच्या अटींमध्ये ‘जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे’ असा शब्दप्रयोग हमखास असतो. शोध घ्यायची जबाबदारी तुमची आणि निघालेलं देणंही तुमचं, असा त्याचा सरळ अर्थ. त्यातलं घरपट्टीचं देणं सर्वात चिवट असतं, कारण महापालिका कायद्यानुसार मालमत्ता कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा आहे. मालक बदलला तरी तो मिळकतीलाच चिकटून राहतो. जुन्या पावतीवरचा मिळकत क्रमांक घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात (पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको, सातपूर यांपैकी जे लागू असेल तिथे) शास्तीसकट आकडा काढून घ्या.

विजेचं देणं शोधायची सोपी युक्ती आहे. पाहणीच्या दिवशी जिन्याखालच्या मीटर बोर्डाचा फोटो काढा. मीटरचा नंबर टिपा, सोसायटीच्या कोणाकडून तरी जुनं बिल मिळवा आणि त्यावरच्या १२ आकडी ग्राहक क्रमांकावरून महावितरणकडे थकबाकी बघा. मीटर काढून नेलेलं असेल आणि तिथे नुसत्या वायरी लोंबत असतील तर पुरवठा कायमचा खंडित झाला आहे, असं समजा. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. सी. निनान प्रकरणात सांगितलं की पुरवठा नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी आधीच्या मालकाची थकबाकी भरल्याशिवाय नवी जोडणी नाकारू शकते. ‘लाइटबिल कर्जदाराचं, मी का भरू’ हा वाद घालण्यात अर्थ नाही.

सोसायटीच्या सचिवांना भेटा, थकबाकी लेखी मागा. बऱ्याचदा त्यात वर्षानुवर्षांचं व्याज असतं आणि त्यावर बोलणी होऊ शकतात. हस्तांतरण शुल्क मात्र महापालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. कोणी ‘विकास निधी’ म्हणून लाखभर मागितले तर ही मर्यादा घालणारा शासन निर्णय दाखवा.

आता कागद. बँकेने कर्ज देताना टायटल तपासलेलं असतं, हा लिलावाचा खरा फायदा. पण ते कर्जाच्या वेळचं टायटल. त्यानंतर काय झालं हे तुमच्या वकिलाने बघायचं. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) काढता येते, सरसाईच्या (तारण मिळकतींची केंद्रीय नोंदणी) नोंदवहीत किरकोळ शुल्क भरून त्या मिळकतीवर दुसऱ्या कोणाचा बोजा आहे का ते दिसतं. गाळा किंवा दुकान असेल तर विक्रीकर-जीएसटीचा बोजाही बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात सरसाईत नोंदलेल्या तारणाला राज्याच्या करवसुलीपेक्षा अग्रक्रम दिला. तरी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर चढलेला बोजा उतरवायला खेटे घालावेच लागतात.

नाशिकची म्हणून काही खास दुखणी आहेत. एक, कपाट. २०१५-१६ च्या सुमारास गाजलेला हा प्रश्न आठवत असेल: चटईक्षेत्रात न धरलेली कपाटाची जागा खोलीत घेतली गेली आणि इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. लिलावातला फ्लॅट त्या काळातल्या इमारतीत असेल तर राजीव गांधी भवनातल्या नगररचना विभागातून मंजूर नकाशा आणि दाखला मिळवा आणि बेडरूममध्ये टेप लावा. दाखला नसलेला फ्लॅट उद्या विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेत अडकेल. दोन, पूररेषा. सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर गोदावरीच्या निळ्या आणि लाल रेषेवरून (पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या) बराच खल झाला. नदीकाठच्या स्वस्त फ्लॅटचा सर्व्हे नंबर त्या नकाशावर ठेवून बघा. निळ्या रेषेच्या आतल्या इमारतीचा पुनर्विकास डोकेदुखी ठरतो. तीन, सिडकोची घरं आणि सातपूर-अंबडचे गाळे बऱ्याचदा भाडेपट्ट्यावर असतात. तसं असेल तर हस्तांतरणाला सिडकोची किंवा एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं आणि ते ‘खरेदीदाराने भरावे’ असं अटींत लिहिलेलं असतं. चार, इथल्या बऱ्याच इमारतींत सोसायटी नसून डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटची मालकी देणारा स्वतंत्र दस्त) असतं. कर्जदाराकडे नुसतं नोंदवलेलं साठेखत (विक्रीचा करार) असेल आणि डीड झालंच नसेल, तर तुम्हालाही त्याच्या हक्कापलीकडे काही मिळत नाही. पुढचं डीड करून घ्यायला बिल्डर हुडकावा लागतो.

रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं आहे की सरफेसीमुळे भाडे नियंत्रण कायद्याखालचं संरक्षण आपोआप संपत नाही. साठ रुपये भाडं भरणारा भाडेकरू बँकेच्या नोटिशीने उठत नाही.

पाहणीची तारीख सूचनेत दिलेली असते, नसेल तर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडून लेखी मागा. बरोबर प्लंबर न्या. वर्ष-दोन वर्षं बंद फ्लॅटमध्ये ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, दार उघडताच वास येतो, त्याने घाबरू नका. बघायचं ते बाथरूमच्या मागच्या भिंतीचा खालचा फूटभर भाग, वरच्या मजल्याच्या टॉयलेटखालचा स्लॅब आणि स्विचबोर्ड. जाताना वायरी ओढून नेलेल्या असतील तर पूर्ण वायरिंग नव्याने करावं लागतं. सूचनेतलं क्षेत्रफळ कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप ते दस्ताशी ताडून बघा. पार्किंग मालमत्तेच्या वर्णनात लिहिलेलं नसेल तर ते विकलेलंच नाही, असं धरा.

सरकारी बँकांच्या मिळकती आता बँकनेट पोर्टलवर दिसतात. खासगी आणि सहकारी बँका वेगवेगळे पोर्टल वापरतात. केवायसी आणि डिजिटल नोंदणीला दोन-तीन दिवस जातात, आदल्या रात्री बसू नका. अनामत साधारण राखीव किंमतीच्या १० टक्के. आपली कमाल बोली कागदावर लिहून ठेवा, कारण शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते आणि दहा-दहा हजारांनी चढत माणूस वाहवत जातो.

बोली तुमची ठरली की घड्याळ सुरू. त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के भरायचे. वरच्या उदाहरणात ४२ लाखांचे २५ टक्के म्हणजे साडेदहा लाख, त्यातून ३ लाख ८० हजार वजा जाता ६ लाख ७० हजार तयार हवेत. उरलेले साडेएकतीस लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळू शकते, पण कमाल तीन महिने. चुकलात तर भरलेले पैसे जप्त. सगळे २५ टक्के जप्त करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळे गृहकर्जाची मंजुरी बोलीच्या आधी घ्या, आणि ‘विक्री प्रमाणपत्र निघण्याआधी तुम्ही रक्कम सोडाल का’ हा प्रश्न कर्ज देणाऱ्या शाखेत नेमक्या याच शब्दांत विचारा. बऱ्याच शाखा सोडत नाहीत. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा, कोणाच्या पॅनवर ते बँकेकडून लेखी घ्यायचं.

कर्जदार मध्येच पैसे भरून घर सोडवेल का? २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि २०२३ च्या बाफना मोटर्स निकालाने ते पक्कं केलं. मात्र कर्जदार कलम १७ खाली ऋण वसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो, त्याला ४५ दिवसांची मुदत आहे. पहिल्या लिलावाच्या सूचनेत ३० दिवस दिले नाहीत, मूल्यांकन जुनं आहे, अशा चुकांवर विक्री रद्द होते. न्यायाधिकरणाच्या संकेतस्थळावर कर्जदाराच्या नावाने प्रकरण शोधा. काही सापडलं नाही तरी बोली जिंकल्यावर कॅव्हेट (आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) दाखल करून ठेवा.

पतसंस्थेचा लिलाव वेगळ्या कायद्याने चालतो, सहकार कायद्याच्या नियम १०७ ने. तिथे १५ टक्के लगेच, बाकी १५ दिवसांत, आणि विक्रीनंतर ३० दिवसांत कर्जदार थकबाकी आणि खरेदी रकमेच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेऊ शकतो. ते ३० दिवस उलटेपर्यंत फ्लॅटला रंग देऊ नका.

इतकं सगळं बघूनही लिलाव का? कारण सगळा व्यवहार चेकचा असतो, ‘वरचे’ पैसे कोणी मागत नाही. विकणारा ऐन वेळी भाव वाढवत नाही. आणि एकदा लिलाव फसला की पुढच्या सूचनेला १५ दिवस पुरतात, राखीव किंमत बहुधा खाली येते. प्रत्यक्ष ताबा असलेला, दाखला मिळालेल्या इमारतीतला, दुसऱ्यांदा लिलावाला आलेला फ्लॅट दिसला तर सोडू नये.

विक्री प्रमाणपत्र हातात आल्यावर ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. नुसतं फाइल करून भागतं असं कायद्याच्या आधारे सांगणारे भेटतील. पण सूची क्रमांक २ नसेल तर पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळताना अडतं. बोली रेडी रेकनरपेक्षा कमी असेल तर शुल्क कशावर धरायचं याचा अभिनिर्णय (अधिकृत निर्णय) सह जिल्हा निबंधकांकडून आधी करून घ्या. मग महापालिका, महावितरण आणि सोसायटीत नाव लावा. जुन्या बँकेकडून सरसाईतली नोंद बंद झाल्याचा कागद आणि कर्जदाराने गहाण ठेवलेले मूळ दस्त यादीसह, सही घेऊन ताब्यात घ्या.