पाच सह्यांचं बिल

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात बिलं पास करण्याची पद्धत नव्याने बसवायचं काम माझ्याकडे आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याने १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२४ पासून आयकरातही ते आलं: मुदत टळली, तर तो खर्च पैसे देऊ त्याच वर्षी धरला जातो. आमच्याकडे बिलं मात्र टेबलाटेबलावर अडायची.

आधी मी सगळं बीपीएमएनच्या, म्हणजे कामाचा क्रम चित्रात दाखवायच्या ठरलेल्या पद्धतीच्या, चिन्हांत मांडलं. ज्याला विचारावं तो एक ‘पण’ काढायचा. माल कमी आला तर? क्यूसीने, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्यांनी, अर्धा नाकारला तर? प्रत्येक ‘पण’ला मी एक फाटा जोडत गेले. चार ए-थ्री कागद चिकटवून भिंतीवर लावले. स्टोअर्सचे काका बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, यात माझा माल कुठंय?” मला बोट ठेवून दाखवता येईना. ते फार लागलं.

मग मी ग्राइंडिंग व्हीलचं १,८४० रुपयांचं एकच बिल धरलं आणि त्याच्या मागे फिरले. २३ दिवस, पाच सह्या. प्रत्येकाला विचारलं, सही करताना काय बघता? दोघं म्हणाले, आधीच्याची सही आहे ना, ते. एकेक सही कधीतरी झालेल्या चुकीनंतर वाढलेली होती. काढायची मात्र कुणाला सुचली नव्हती. खरं तर खर्चाला मंजुरी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढतानाच मिळालेली असते, बिलावर ती पुन्हा कशाला मागायची?

चित्रात आता एकच सरळ वाट ठेवली. पीओ, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिल जुळलं की पेमेंट. जुळलं नाही, तर ते खरेदीतल्या एकाच माणसाकडे. किती रकमेच्या पीओवर कुणाची सही, हे चित्रातून काढून एका पानाच्या तक्त्यात घातलं. रकमा बदलल्या तरी चित्राला हात लागत नाही. सगळ्यात जास्त भांडणं लोखंडी बारच्या वजनावरून व्हायची, कारण पुरवठादाराचा काटा आणि आमचा काटा कधीच एक सांगत नाही. तिथे अर्धा टक्का फरक चालेल असं ठरवलं आणि निम्मी अडलेली बिलं सुटली.

जॉबवर्क, म्हणजे आमचा माल बाहेर पाठवून करून घेतलेलं काम, अजून बाकी आहे. तिथे माल नगावर जातो आणि वजनावर परत येतो. सोमवारपासून गेटवरच्या काट्याशेजारी बसणार आहे, काकांना सोबत घेऊन.