टुंपो: स्मारकातून न दिसणारं रणांगण

राजधानी लुआंडाचा किल्ला, तिथलं लष्करी संग्रहालय, किनाऱ्यावरची महागडी हॉटेलं, हे सगळं एका ओळीत सोडून देतो. अंगोलाचं यादवी युद्ध कळायला आग्नेयेला कुइतो कुआनावालेला यावं लागतं. मेनोंगेपासून पूर्वेला साधारण १९० किलोमीटर. १९८७-८८ मध्ये सरकारी सैन्याची रसद याच रस्त्याने येई आणि सरकारविरोधी बंडखोर संघटना युनिटाचे गनिमी सैनिक ताफ्यांवर छापे घालत. आजही वाटेत गाडी थांबली तर सुरुंगांमुळे डांबर सोडून झुडपात जाऊ नये, लघुशंकेसाठीसुद्धा नाही.

गावाजवळचं स्मारक भव्य आहे आणि मला ते खटकलं. विजयाचा जयघोष आहे, पण लढाई खरी जिथे झाली तो कुइतो नदीपलीकडचा टुंपोचा पट्टा त्यात कुठेच जाणवत नाही.

सोविएत सल्लागारांच्या आग्रहाने सरकारी ब्रिगेड्स १९८७ मध्ये युनिटाच्या ताब्यातलं मावींगा घ्यायला निघाल्या. लोंबा नदीकाठी ३ ऑक्टोबरला ४७वी ब्रिगेड युनिटाच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण आफ्रिकी सैन्याने उद्ध्वस्त केली. उरलेले मागे हटत इथवर आले. क्यूबाने सरकारसाठी कुमक पाठवली. युनिटाकडे तोवर अमेरिकेची विमानविरोधी स्टिंगर क्षेपणास्त्रं पोचलेली होती. तिकडे अंगोलाच्याच कॅबिंडा प्रांतात अमेरिकी कंपनी शेवरॉन तेल काढत होती, तिच्या करांतून सरकार सोविएत शस्त्रांचे पैसे भागवत होतं आणि त्या तेलक्षेत्राचा पहारा क्यूबन सैनिक करत होते. महासत्तांच्या भांडणातली सगळी तत्त्वनिष्ठा या एका व्यवहारात उघडी पडते.

१९८८ च्या २५ फेब्रुवारी, १ मार्च आणि २३ मार्चला दक्षिण आफ्रिका आणि युनिटाने टुंपोवर हल्ले केले. तिन्ही फसले. सुरुंगपट्ट्यात रणगाडे अडकले की पश्चिम काठावरच्या उंचवट्यावरून सरकारी बाजूच्या तोफा मारा करत. रणगाड्यांवर बसून आलेले युनिटाचे सैनिक उघड्यावर सापडत. शेवटच्या हल्ल्यात दक्षिण आफ्रिकेला तीन ओलिफंट रणगाडे तिथेच टाकून द्यावे लागले.

ते सुरुंग अजून निघताहेत. पथकाचं काम अतिशय संथ असतं. मीटरभर रुंदीची पट्टी आखतात. आधी सापळ्याची तार चाचपतात, मग गवत कापतात, मग शोधयंत्र फिरवतात. यंत्र वाजलं की बाजूने, तिरक्या कोनात, सळईने माती टोचतात, कारण दाब वरून पडला की स्फोट होतो. माणसांसाठी पेरलेल्या सोविएत पीएमएन सुरुंगात सुमारे २४० ग्रॅम टीएनटी असतं, तेवढ्याने पाय जातो. रणगाडाविरोधी टीएम-५७ मध्ये सहा किलोंहून अधिक. इथे दोन अडचणी आहेत. गोळ्यांच्या तुकड्यांनी यंत्र सतत वाजतं, आणि प्रत्येक आवाज खणावाच लागतो. शिवाय वाळू सरकते, सुरुंग खोल जातात, म्हणून कितीतरी गाड्या सुखरूप गेलेल्या वाटेवर चाकोरी खोल झाली की एक दिवस ट्रक उडतो.

२२ डिसेंबर १९८८ ला न्यूयॉर्कमध्ये अंगोला, क्यूबा आणि दक्षिण आफ्रिकेने करारावर सह्या केल्या. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाला त्यातून स्वातंत्र्य मिळालं. युनिटा त्या टेबलावर नव्हतीच, त्यामुळे अंगोलातलं युद्ध २००२ पर्यंत चाललं आणि नवे सुरुंग पेरले गेले.

इथे येणार असाल तर स्मारकाला अर्धा तास पुरे. सुरुंग काढणाऱ्या पथकाची परवानगी आधीच काढा, त्यांच्यासोबतच फिरा आणि लाल खुणांपलीकडे जाऊ नका.