सरंगा म्हणजे नेमका कोणता मासा?

मालवणात एका मासळी प्रक्रिया कारखान्यात मी साठ्याचा हिशेब बघते. आमच्या संगणकातल्या मालाच्या यादीत ‘पापलेट’ आणि ‘सरंगा’ असे दोन कोड होते. मुंबईच्या कचेरीतल्या मुलाला ते एकच वाटले, कारण तिकडच्या बाजारात मोठ्या पापलेटला सरंगा म्हणतात. त्याने दुहेरी नोंद समजून ‘सरंगा’ पुसला आणि सगळं पापलेटात घातलं. आमच्या बंदरावर मात्र सरंगा म्हणजे हलवा, वेगळाच मासा. तीन दिवस हलव्याची आवक पापलेट म्हणून चढत राहिली. दर चुकले, बिलं चुकली. माल देणाऱ्या काकी बिल घेऊन दारात आल्या, “सरंगो म्हणजे हलवो गो, पापलेट न्हय!”

जुना कोडच गेल्यामुळे कुठला माल कुठला, हे संगणक सांगेना. लिलावाच्या कच्च्या वह्या काढून एकेक नोंद हाताने परत लावली. त्या रात्री मी विसरणार नाही.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, आमच्याकडे आवक नसते. त्या दोन महिन्यांत आम्ही नियम ठरवले. यादीत काहीही बदलायचं तर आधी अर्ज: काय, का, कुठल्या तारखेपासून, आणि त्याने दरपत्रक, साठा, बिलं यांतलं काय काय हलेल. मासळीच्या नावावर शेवटचा शब्द बंदरावरच्या खरेदीप्रमुखांचा, कचेरीचा नाही. यासाठी मी भांडले. प्रत्येक कोडाशी शास्त्रीय नाव हवंच. हलवा म्हणजे पॅरास्ट्रोमॅटियस नायगर. इंग्रजीत त्याला ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणत असले, तरी तो पापलेटच्या कुळातला नाहीच. आणि कोड पुसायचा नाही, ‘बंद’ करायचा. त्याचा क्रमांक दुसऱ्या माशाला कधीच द्यायचा नाही.

बिलांवरच्या पत्त्यांसाठी संगणकात जिल्ह्यांचीही यादी असते, तिचं वेगळं. ती सरकारची, आपण फक्त पाळायची. 2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा प्रश्न एवढाच होता की कुठल्या तारखेपासून. जुन्या बिलांवर जुनंच नाव राहिलं पाहिजे.

“एका नावासाठी एवढे कागद?” असं खरेदीप्रमुख पहिल्यांदा म्हणाले होते. ऑगस्टमध्ये होड्या सुटल्या आणि पहिला अर्ज आला तो मुंबईच्या त्याच मुलाचा. आमच्या पावतीवर त्याने ‘इसवण’ वाचलं होतं. नवा कोड काढू का, असं विचारत होता. खरेदीप्रमुखांनी अर्जावर लिहिलं, “इसवण म्हणजेच सुरमई.” मी सुरमईच्या नोंदीत ते दुसरं नाव म्हणून घातलं.