लाल दिवा लागला म्हणून सेल फेकू नका

स्मार्ट चार्जरचा लाल दिवा आणि दुकानदाराचा "फेका" हा सल्ला, या दोन्हींवर माझा आता काडीचाही विश्वास नाही.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशसाठी घेतलेले रिचार्जेबल पेन्सिल सेल कपाटात पडून होते. नव्या चार्जरमध्ये बसवले तर लाल दिवा लुकलुकायला लागला. चार्जर जिथून घेतला तिथे गेले. काउंटरवरच्या माणसाने सेल हातातही न घेता निकाल दिला, "गेले ते, मॅडम. फेका, नवे घ्या." माहितीपत्रकात तेच. ग्राहक सेवेला फोन लावला, तर बराच वेळ गाणं ऐकवून शेवटी तेच.

घरी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावला. माझे सेल निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे. असा सेल नावाला १.२ व्होल्टचा, वापरून रिकामा झाला तरी साधारण १ व्होल्टवर असतो. माझे ०.५-०.६ दाखवत होते. नुसते पडून पडून उतरलेले. स्मार्ट चार्जर आधी व्होल्टेज बघतो आणि ते फारच खाली असलं तर सेल खराब समजून करंटच सोडत नाही. म्हणजे चार्ज नाही म्हणून चार्जर घेत नाही, आणि चार्जर घेत नाही म्हणून चार्ज नाही. अनुभव असल्याशिवाय पहिली नोकरी न देणाऱ्यांसारखंच हे! एवढी साधी गोष्ट विकणाऱ्याला माहीत नसावी?

सुटका केली माळ्यावरच्या जुन्या, मठ्ठ चार्जरने. त्याला तपासणी-बिपासणी कळत नाही. जोडी बसवली की करंट सुरू. उतरलेल्या सेलांची जोडी त्यात दहा मिनिटं ठेवली, समोर बसून, मधेमधे हात लावत. कोमट चालतात, चटका बसला तर लगेच काढायचे. व्होल्टेज १.१ च्या वर गेलं. मग स्मार्ट चार्जरमध्ये टाकले आणि त्याने मुकाट्याने घेतले. त्याला वेडावून दाखवावंसं वाटलं.

हे फक्त निकेलच्या सेलांसाठी. मोबाइल-लॅपटॉपची लिथियम बॅटरी अशी उतरली असेल तर जिवंत करायच्या फंदात पडू नका, आग लागू शकते. साधे अल्कलाइन सेलही चार्जरमध्ये घालायचे नाहीत.

पुढे चार्ज-डिस्चार्जच्या दोन-तीन फेऱ्या केल्या. २००० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेले बरेचसे १४००-१५०० पर्यंत आले. सारख्या ताकदीचे एकत्र ठेवून मार्करने नंबर घातले. दणकट सेलांत एक दुबळा मिसळला तर तो आधी संपतो आणि बाकीचे त्याला उलटा चार्ज करून मारतात. दुबळे सेल भिंतीवरच्या घड्याळात घालायचा मोह होतो, पण ते बसल्या जागी उतरतात, घड्याळ लवकरच बंद पडतं. ते मुलांच्या खेळण्यात घाला, तिथे तसंही वरचेवर चार्जिंग लागतं.

काही खरंच गेलेले निघाले. फुल दाखवून आठवड्याभरात ढेपाळणारे. पण तेही "फेका" नाही: २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते घरच्या कचऱ्यात न टाकता वेगळे द्यायचे असतात. मी टोकांना चिकटपट्टी लावून सोसायटीत येणाऱ्या ई-कचऱ्याच्या गाडीत देते.

आणि हो, पांढरी भुकटी आलेला सेल चार्ज करूच नका. रिमोटच्या स्प्रिंगला ती लागली असेल तर कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, नीट वाळू द्या आणि हात धुवा.